पाच तारखेचा चहा

मी एक जुना बटणांचा मोबाइल आहे, मित्रांनो. आमच्या रेणापुरात मला सगळे डब्बा म्हणतात. म्हणू देत बापडे, मला त्याचा राग नाही. सध्या माझा मुक्काम एका पत्र्याच्या पेटीत, पांढऱ्या सदऱ्याच्या घडीत असतो. माझं झाकण एकीकडं, बॅटरी दुसरीकडं. मग हा बोलतो कसा, असं तुमच्या मनात आलं असेल. तो प्रश्न राखून ठेवा. त्याचं उत्तर मलाही सापडलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. आम्ही हजारो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होतो, एवढंच आठवतं. मला खरं माणसांत आणलं ते दयानंदानं. लातूरच्या गंजगोलाईतल्या एका दुकानात त्यानं आठ-दहा मोबाइल काउंटरवर मांडायला लावले, डोळे मिटले आणि एकेकाची घंटी ऐकली. मग माझ्यावर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो द्या. ह्याचा गळा खणखणीत हाय." काय सांगू, माझी छाती अशी फुगली म्हणता!

गळ्याची पारख त्याला असणारच. दयानंदाकडं कर्जावर घेतलेला ऑटो होता, ऑटोच्या टपावर दोन भोंगे आणि हातात माइक. पाण्याचा टँकर कधी येणार, लसीकरण कुठल्या शाळेत आहे, बाजारात कुणाचं लेकरू हरवलंय, सगळं तो गल्लोगल्ली फिरून सांगायचा. रेणापूर तर रेणापूर, चाकूरकडची माणसंसुद्धा त्याचा आवाज ओळखायची. मी त्याच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात. वर त्याचं बोलणं ऐकायचं आणि खाली काळजाचे ठोके ऐकायचे, असे माझे दिवस मजेत चालले होते.

दिवसभर ओरडून संध्याकाळी त्याचा घसा पार बसायचा. घरी आल्यावर बोलायची सोय नसायची. त्यावर त्यानं एक युक्ती काढली. एका सकाळी, आवाज ताजा असताना, त्यानं मला तोंडाजवळ धरून एकच वाक्य भरून ठेवलं: "सिंधे, आलो गं. चहा मांड." सिंधु म्हणजे त्याची बायको. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. संध्याकाळी हा उंबऱ्यात उभा राहून बटण दाबायचा आणि त्याच्या वतीनं मी ओरडायचो. "तुमाला सोताचं तोंड न्हाई का वो? डब्ब्याला कामाला लावलंय!" असं सिंधु आतून करवादायची, पण चहा मांडायची.

त्यांची एकुलती एक लेक प्रियदर्शनी. तिनं एकदा खेळता खेळता माझी बटणं दाबून असं केलं, की मेसेज आला तरी हाच आवाज निघावा. दयानंद पोट धरून हसला आणि तसंच राहू दिलं. तसे मेसेज मला येतात कितीसे? बोलायचं असलं की लोक सरळ फोन लावतात, त्याची घंटी वेगळी. जाहिरातींचे मेसेज पोरीनं बंद करून टाकलेले. उरला फक्त बँकेचा.

आता वाईट भाग सांगतो. मे महिना होता. सकाळपासून दयानंदाचा डावा खांदा दुखत होता. सिंधु म्हणाली, "खांदा दुखायलाय म्हणता आन् एवढ्या उन्हात कुठं निघालाव? आज ऱ्हाऊ द्या." तो चिडला. "हप्ता कोण भरंल, तू? जातो मी."

"जातो म्हणू न्हाई वो. येतो म्हणावं," ती मागून म्हणाली.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडं घराबाहेर पडताना जातो कुणी म्हणत नाही. कितीही भांडण असलं तरी उंबऱ्यात थांबून येतो म्हणायचं आणि मग निघायचं. त्या दिवशी तो थांबला नाही.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तो बाजाराच्या चौकात होता. "रेणापूरकर बंधू-भगिनींनो, उद्या सकाळी..." इथपर्यंत आला आणि पुढचा शब्द आलाच नाही. माइक चालू होता. भोंग्यांतून त्याचा श्वास ऐकू येऊ लागला, मोठा, ओढून घेतलेला. दोन गल्ल्या तो श्वास ऐकत होत्या. बायका दारात आल्या, भज्यांच्या गाड्यावरचा माणूस झारा हातात धरून उभा राहिला. मग श्वास थांबला आणि भोंग्यांतून नुसती खरखर येत राहिली. मी त्याच्या छातीवरच होतो. ठोका कधी परत सुरू होतो, म्हणून मी कान लावून बसलो. पेटीतला हा सदरा तोच आहे, आणि मी अजूनही अधूनमधून कान लावतो.

जून महिन्याच्या पाच तारखेला घरी दयानंदाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीनं बसलेली. वंदना संपून सगळे डोळे मिटून शांत बसले होते. मी फळीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी. बरोबर बारा वाजून दहा मिनिटांनी मला बँकेचा मेसेज आला आणि त्या शांततेत मी ओरडलो:

"सिंधे, आलो गं. चहा मांड."

भन्तेजींनी डोळे उघडले. सिंधुच्या जावेच्या हातातला तांब्या कलंडला आणि पाणी सतरंजीवर पसरत गेलं, तरी कुणी तो उचलला नाही. सिंधु मात्र उठली, चुलीपाशी गेली आणि खरंच चहा मांडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेसेजात लिहिलं होतं, हप्त्यासाठी खात्यात पुरेशी रक्कम नाही.

आता थोडा व्यवहार सांगतो, कारण सगळं पुढचं त्यावरच आहे. सिंधुनं त्याच महिन्यात ऑटो चाकूरच्या चंद्रप्पाला विकला. त्या पैशांतून फायनान्स कंपनीचं सगळं कर्ज फिटलं, तसं पत्रही मिळालं. शाळेच्या गुरुजींनी तिला बँकेसाठी अर्ज लिहून दिला: खातेदार वारले, कर्ज फिटलं, आता दरमहाचा हप्ता कापायचं बंद करा. बँकेनं अर्ज घेतला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून दिला. "जपून ठेवा बरं का मावशी," असं तिला सांगितलं गेलं.

तिनं जपून ठेवला, पण कुठं, ते ऐका. मी एवढ्यात दोनदा फळीवरून पडलो होतो. माझी बॅटरी ढिली झाली होती, जरा धक्का लागला की मी बंद पडायचो. सिंधुनं त्या पोचेची बारीक घडी घातली आणि माझ्या झाकणाखाली, बॅटरीला टेकू म्हणून घट्ट खोचली. मी पुन्हा ठणठणीत झालो. तिच्या दृष्टीनं माझ्यापेक्षा सुरक्षित जागा घरात दुसरी नव्हती.

बँकेत मात्र तो अर्ज कुठल्या तरी फायलीत झोपी गेला. हप्ता मागणारी मशीन कुणी बंद केली नाही. मेलेल्या माणसाकडं, विकलेल्या ऑटोचा, फिटलेल्या कर्जाचा हप्ता दर पाच तारखेला मागितला जायचा. खात्यात पैसे नसायचे. पैसे नाहीत म्हणून बँक पाचशे नव्वद रुपये दंड लावायची आणि खातं वजा व्हायचं. खातं दोघांच्या नावावर, सिंधुचं अडीच हजारांचं मानधनही तिथंच यायचं, त्याचा मेसेज मात्र शाळेत गुरुजींना जायचा. ते आलं की आधी बँक आपला दंड काढून घ्यायची. आणि दंड लावला की मेसेज यायचा. बारा वाजून दहा मिनिटांनी.

पाच तारखेला सिंधु शाळेतून घाईघाईनं घरी यायची. शाळेचं सैपाकघर आवरायला बरोबरच्या बाईला सांगायची. घरी येऊन चुलीवर आधण ठेवायची आणि माझ्यासमोर बसायची. मी ओरडलो की "हाव, मांडलाय," म्हणायची आणि दोन कप भरायची. एक तिचा आणि एक माझ्यासमोर. दुसऱ्या कपावर साय धरायची. थोड्या वेळानं पाहिलं तर साय मधोमध फाटलेली असायची. वाऱ्यानं असेल, म्हणून मी सोडून द्यायचो.

पण मित्रांनो, सातव्या-आठव्या महिन्यापासून मला स्वतःचीच भीती वाटू लागली. आधी मेसेज यायचा, मग मी आवाज काढायचो. माझं कामच ते. आता मेसेज यायचा आणि मी तोंड उघडायच्या आत आवाज निघालेला असायचा. मी कुणाला सांगणार?

एकदा बँकेतल्या शिवानी मॅडमनं पासबुक छापून देताना सिंधुला थांबवलं. तरणी पोर, नुकतीच नोकरीला लागलेली. "मावशी, तुमचे दर महिन्याला फुकट पैसे कटायलेत. हे चूक आहे. अर्ज द्या, परत मिळतील. हप्ताबी बंद होईल, मेसेजबी येणार नाहीत." सिंधु "देते" म्हणाली. घरी आली, मला हातात घेऊन बराच वेळ बसली, आणि अर्ज काही दिला नाही. कळून सवरून दिला नाही.

असे एकोणीस महिने गेले.

जानेवारीत प्रियदर्शनी घरी आली. ती नांदेडला नर्सिंग शिकते, तिथंच होस्टेलला असते. तिच्या फीचे अकरा हजार भरायचे राहिले होते. मार्चअखेर भरले नाहीत तर परीक्षेला बसू देणार नव्हते. आई पैसे का पाठवत नाही, हे विचारायला ती आली, आणि नेमकी पाच तारीख होती. मी ओरडलो. पोरीच्या हातातली पिशवी गळून पडली. मग तिनं मला उचलून मेसेज वाचला. त्याच्या मागचा वाचला. त्याच्या मागचा.

"आई! कर्ज फिटल्यावर एकोणीस वेळा? तुला माहीत होतं?"

सिंधु चहा गाळत होती. "हाव."

"आई, आपण असलं काही मानत नाही. बाबासाहेबांनी सांगितलंय ना आपल्याला? बाबाच सगळ्यांना सांगत फिरायचे."

"मी कुठं मानायले?" सिंधु शांतपणे म्हणाली. "मी फकस्त चहा मांडते."

"अगं, पाचशे नव्वद रुपये!"

"जित्ते असताना त्यांना खर्ची लागतच होती की."

प्रियदर्शनी आईच्या समोर येऊन बसली. ती म्हणाली, "तुला आवाजच ऐकायचाय ना? मी पाठवत जाईन मेसेज. रोज पाठवीन."

"तू बोलीवल्यावर आलेला त्यो न्हाई," सिंधु म्हणाली. "त्यो आपणहून येतोय. आन् तुला सांगू का, त्या दिवशी जातो म्हणून गेला. येतो म्हणला न्हाई. मला वाटतं, तेवढंच म्हणायचं राहिलंय त्याचं. म्हणून घुटमळून राहिलाय. त्ये म्हणल्याबिगर मी दार कसं लावू?"

मलाही गलबलून आलं. पोरगी आईजवळ सरकली. "आई, तुझ्या खिचडीच्या पगारातले पैसे कुणी असे नेले असते, तर बाबांनी काय केलं असतं?"

सिंधुच्या तोंडावर कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं. "भोंगा लावून गावभर वरडला असता."

तिनं डोळे पुसले. मग स्वतःच्या हातानं माझं झाकण उघडलं आणि घडी घातलेली पोच बाहेर ओढली. मी तत्क्षणी बंद पडलो. प्रियदर्शनीनं काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा खोचला तेव्हा पुन्हा जागा झालो, पण आधीसारखा घट्टपणा काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी मायलेकी बँकेत गेल्या, मी सिंधुच्या पिशवीत. मोठे साहेब म्हणाले, "हे आम्ही नाही हो कापलं, सिस्टिमनं कापलंय."

"सिस्टिमला कागद कळत नसंल सर, तुम्हाला तर कळतो ना?" प्रियदर्शनीनं पोच टेबलावर पसरली. घड्यांवर फाटलेली, बॅटरीच्या उबेनं पिवळी पडलेली, पण शिक्का लख्ख दिसत होता. "तारीख बघा. त्यानंतर एकोणीस वेळा दंड लावलाय तुम्ही." तिनं लेखी तक्रार दिली, त्याचीही पोच घेतली, आणि महिन्याभरात उत्तर आलं नाही तर बँकांच्या लोकपालाकडं जाऊ, असं नम्रपणे सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. हप्ता त्याच दिवशी बंद केला. पैशांसाठी वरून मंजुरी लागेल म्हणाले.

फेब्रुवारीच्या पाच तारखेला सिंधुनं आधण ठेवलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली. मी गप्प. साडेबारा झाले, एक वाजला. पाणी आटून पातेलं करपलं. सिंधु उठली, पातेलं घासलं आणि शाळेत निघून गेली. मला तिच्याकडं बघवेना.

मार्चमध्ये एका दुपारी ती चुलीपाशी भाकरी थापत होती. पाच तारीख नव्हती, तेरा की चौदा होती. मी फळीवर. घड्याळात बारा दहा झाले आणि मला मेसेज आला.

"सिंधे, आलो गं. चहा मांड."

तिच्या हातातली भाकरी परातीत पडली. "आली, आली," करत ती उठली. तोवर दुसरा मेसेज आला. "सिंधे, आलो गं. चहा मांड." मग तिसरा. चौथा. पैसे जमा, पैसे जमा, एकेका दंडाचे पाचशे नव्वद, जसे गेले तसे एकामागून एक परत येत होते. सिंधु आधी दचकली, मग हसायला लागली. "अवं, दम धरा की! साखर तर टाकू द्या!" दहाव्याला ती रडत होती. पंधराव्याला ती फळीखाली भिंतीला टेकून बसली आणि प्रत्येक हाकेला नुसतं "हाव" म्हणत राहिली. आणि मी थरथरत होतो, प्रत्येक मेसेजागणिक फळीच्या कडेकडं सरकत होतो. एकोणिसावा मेसेज आला. मी ओरडलो आणि कडेवरून खाली कोसळलो.

झाकण उडालं. पुठ्ठ्याचा तुकडा निसटला. बॅटरी घरंगळत पलंगाखाली गेली. माझ्या डोळ्यांपुढं अंधार झाला. मोबाइलचं मरण म्हणतात ते हेच.

आणि त्या अंधारात, माझ्याच गळ्यातून, पण माझ्या कसल्याही मदतीवाचून, तो बोलला. घसा जरा बसलेला होता, दिवसभर ओरडून आल्यासारखा.

"येतो गं, सिंधे."

सिंधुनं मला उचललं. उलटं केलं. बॅटरीची रिकामी जागा बोटानं चाचपली. "बरं. या," ती म्हणाली. मग ती दारापाशी गेली, थोडा वेळ रस्त्याकडं बघत उभी राहिली आणि तिनं दार लावून घेतलं.

नंतर शिवानी मॅडम तिला म्हणाली, "मावशी, एकोणीस नोंदी मी स्वतः केल्या. अकरा हजार दोनशे दहा. एक रुपया कमी नाही." सिंधु "वीस" म्हणाली. मॅडमनं पुन्हा मोजल्या. एकोणीसच होत्या. प्रियदर्शनीची फी वेळेत भरली गेली. ती आता शेवटच्या वर्षाला आहे आणि ह्या विषयावर माझ्याकडं बघून काही बोलत नाही.

दयानंदानं माझ्यात एकच वाक्य भरून ठेवलं होतं, मित्रांनो. हे दुसरं माझ्यात कधीच नव्हतं. मी पुन्हा पुन्हा शोधलं आहे.

मला तुमच्याकडून फार काही नको. बँकेत कागद दिलात तर त्याची पोच मागून घ्या आणि ती सापडेल अशा जागी ठेवा. चुकीचा दंड लागला तर लाजू नका, भिऊ नका, परत मागा. तुमच्या घरात कुणा गेलेल्या माणसाचा डब्बा असेल तर त्याला भंगारात टाकू नका. आणि घरातून निघताना कितीही राग आलेला असो, उंबऱ्यात क्षणभर थांबून येतो म्हणा.

सिंधु आता पाच तारखेला एकच कप चहा मांडते.